चंद्रकळा, मुक्काम गुढियारी

या, आत या. चपला तिथंच राहू द्या, कोणी नेत नाही. आज साडी दाखवायची नाहीये. आज मी, नरहरी पिंपळकरांच्या दुकानातली पुतळी, स्वतःबद्दल बोलणार आहे. तीसेक वर्षं तोंड न उघडता माल विकला, आता एवढा हक्क माझा होतोच.

मी फायबरची. कलकत्त्याच्या एका कारखान्यात साच्यातून निघाले, पेंढ्यात गुंडाळली गेले आणि मालगाडीनं रायपूरला आले. गुढियारीच्या मालधक्क्यावर पेटी उतरवताना एक फळी निखळली आणि माझा हात कोपरापर्यंत बाहेर आला. हमाल दोन पावलं मागे सरला. "ए मा कोनो मनखे हे का भैया?" आत माणूस आहे का, असं तो विचारत होता.

नरहरीशेठ तेव्हा तरुण होते, दुकानही नवंकोरं होतं. ते म्हणाले, "मनखे नहीं रे, लछमी हे. धीरे उठा."

त्या क्षणी मी या माणसाला ओळखलं. शिक्षण सातवीपर्यंत, पुढचं सगळं गिऱ्हाइकांकडून घेतलेलं. समोरच्याच्या तोंडावरची भीती बघून हा तिथल्या तिथे योग्य शब्द काढून देतो, कापड काढून द्यावं तसा.

प्रवासात माझ्या चेहऱ्याचा रंग खरवडून गेला होता. तोंड नसलेली बाई दारात कशी उभी करणार? शेठनी घनाराम पेंटरला बोलावलं. घनाराम टॉकीजचे मोठाले बोर्ड रंगवायचा, आणि त्या आठवड्यात त्याच्याकडे एका भुताच्या सिनेमाचा बोर्ड होता. ब्रश तोच, डबे तेच, हातही त्याच तंद्रीत. त्यानं मला निळ्या पापण्या दिल्या, कानाच्या दिशेनं ओढलेलं काजळ दिलं, गालावर तीळ दिला आणि डावी भुवई अशी वर चढवली, की मी जणू विचारतेय, बोला, आज कोणाचा जीव घ्यायचा?

शेठनी कपाळाला हात लावला. "घनाराम, मैंने सीधी-सादी बहू बोला था. ये तो सिगरेट माँगेगी!"

"हव भैया," घनाराम ब्रश पुसत म्हणाला, "फेर देखहीं सब्बो झन."

पण बघणार सगळे, असं त्याचं म्हणणं. आणि बघायचे हो! रस्त्यानं जाणारी जोडपी माझ्यापाशी थबकायची. नवरा माझ्याकडे बघतोय हे बायकोच्या लक्षात आलं, की ती दुकानात शिरून नेमकी माझ्या अंगावरचीच साडी मागायची. शेठ मला दिवसातून कितीदा तरी नवी साडी नेसवायचे. घनारामच्या पोरीच्या लग्नाला त्यांनी शालू पाठवला, त्यामागचं कारण हे.

संक्रांतीला मात्र मला नेसवण्याचा मान विनोदिनीबाईंचा. बाई म्हणजे शेठच्या पत्नी, माहेर वर्ध्याचं. त्या मला काळी चंद्रकळा नेसवत आणि वरून पांढरे हलव्याचे दागिने घालत. हलवा त्या स्वतः करत. मंद आचेवर परात, हातानं पाक फिरवायचा, थंडीत त्या दाण्यांना काटे फुटतात. पहिल्या वर्षी मला असं नटवून दारात ठेवलं, आणि थोड्याच वेळात शेजारचे किराणावाले धावत आले. आवाज खाली आणून म्हणाले, "भैया, घर में गमी हो गई क्या?"

घरात कोणी गेलेलं नाही, आपल्याकडे या सणाला काळंच नेसतात, हे शेठनी त्यांना चहा पाजून समजावलं. ते मान डोलावून गेले, पण जाताना माझ्याकडे बघितलं नाही. त्या आठवड्यात मराठी सोडून दुसरं गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढलं नाही. पुढच्या वर्षीपासून संक्रांतीला मी पडद्यामागे. रेल्वे क्वार्टरमधल्या मराठी बायका आल्या, की शेठ हळूच म्हणायचे, "या वहिनी, काळं आत आहे." जसं काही आत चोरीचं सोनं ठेवलंय.

मग छत्तीसगड राज्य झालं. रायपूर राजधानी. नवी हपिसं, नवे साहेब, त्यात मराठी कुटुंबं बरीच, आणि बरीचशी नुकती लग्न झालेली. शेठनी विचार केला, एवढ्या नवऱ्या, एवढ्या पहिल्या संक्रांती, एवढ्या चंद्रकळा. नागपूरला जाऊन गठ्ठेच्या गठ्ठे घेऊन आले. एक साडी खपली नाही. पहिल्या संक्रांतीची काळी साडी सासरहून येते, आणि या पोरींची सासरं नागपूर, अमरावतीला. सासवांनी तिकडेच घेऊन ठेवलेल्या. शेठच्या हिशोबात नवऱ्या होत्या, सासवा नव्हत्या.

"मले एकदा विचारलं असतं तर?" विनोदिनीबाई म्हणाल्या.

"तुले विचारून दुकान टाकलं होतं का मी?" शेठ म्हणाले, आणि गठ्ठे माळ्यावर गेले.

काही वर्षांनी मीही त्यांच्या मागून गेले. तेलीबांध्याच्या तलावाकडे नव्या चकचकीत शोरूम झाल्या होत्या आणि तिथल्या पुतळ्यांना डोकीच नव्हती. तीच फॅशन म्हणे. शेठनीही एक आणली. "डोकंच नाही, म्हणजे कटकट नाही," ते बाईंकडे बघत म्हणाले. बाईंनी त्या दिवशी भाजीत मीठ घातलं नाही.

माळ्यावर मी किती वर्षं काढली, सांगता येत नाही. धूळ मोजत नाही कोणी. खाली उतरवलं ते स्वरदानं, शेठच्या नातीनं. केस एका बाजूनं भादरलेले, ओठ जांभळे, मे महिन्यातही अंगात काळा शर्ट. चित्रकला शिकून आलेली पोरगी. तिनं ओल्या फडक्यानं माझं तोंड पुसलं आणि किंचाळली, "दादी! ये तो पूरी गॉथ है!"

"काय आहे?" खालून बाई.

"गॉथ!"

"निघत नसंल तर थोडं रॉकेल लाव."

काळे कपडे, काळं काजळ आणि उदास गाणी यांच्या नादी लागलेल्यांना गॉथ म्हणतात, हे मला मागाहून कळलं. स्वरदाचं प्रकरण असं होतं. बंगळूरला कॉमिक छापणारी एक कंपनी होती. तिथल्या संपादकाला, अनिमेषला, तिचा हात आवडला होता. त्यांना एक नवी नायिका हवी होती. स्वरदाची पसंत पडली, तर पूर्ण पुस्तक तिचं. नाही पडली, तर तिच्या वडिलांनी, शेखरनी, सिलतऱ्याच्या पोलाद कारखान्यातल्या आपल्या साहेबांशी बोलून ठेवलं होतं. संक्रांत झाली की डिस्पॅचच्या टेबलावर बसायचं. शेखर वाईट माणूस नाही. "चित्रं काढ ना, कोण नाही म्हणते? पण पगारावर बसून काढ," एवढंच त्याचं म्हणणं. स्वरदा पेन्सिलीला टोक करत बसायची, टोक झाल्यावरही.

तिनं मला दुकानामागच्या खोलीत उभं केलं आणि गाणी लावली. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, यार्डात डबे जोडतायत. खालच्या सुरातलं गिटार, एकाच चालीचा ढोल, आणि विहिरीत उभं राहून गाणारा माणूस.

शेठ डोकावले. "हा आजारी आहे का?"

"दादाजी, ऐसे ही गाते हैं. दुख का गाना है, पर इस पर नाचते हैं."

"दुःखावर नाचते? मंग आपल्या धंद्यात बसव त्याले."

बाई तीळ निवडायला तिथंच येऊन बसल्या. थोड्या वेळानं मी बघितलं, सूप त्या ढोलाच्या ठेक्यावर हलत होतं. "ठेका बरा आहे," त्या म्हणाल्या. "तो बाबा गात नसता तर अजून बरा असता."

स्वरदानं मला चामड्याचं जाकीट चढवलं, गळ्यात साखळ्या, जाकिटावर सेफ्टी पिना. मागे तिनं कागदावर वटवाघळं, टोकदार खिडक्या, धुकं काढलं. रायपुरात धुकं! चित्र देखणं झालं होतं, खोटं कशाला बोलू. तिनं ते पाठवलं आणि दुसऱ्या दिवशी फोनच्या पडद्यावर अनिमेष आला.

"स्केच बढ़िया है," तो म्हणाला. "पर ये लड़की है कहाँ की?"

"कहीं की भी हो सकती है," स्वरदा म्हणाली.

"वही तो. ऐसी दस मेरे पास रखी हैं. एक बार और भेजो, फिर मुझे तय करना पड़ेगा."

फोन बंद झाला. स्वरदानं चित्र फाडलं नाही, रडली नाही. नुसती जाकिटाच्या पिना एकेक काढत बसली. गिऱ्हाईक परत जाताना मी पुष्कळ पाहिलीत. पाठ वळली की कळतं, हे पुन्हा येणार नाही. पोरीची पाठ तशी दिसत होती.

तेवढ्यात बाई हलव्याची परात घेऊन आल्या. माझ्याकडे बघितलं, पोरीकडे बघितलं.

"काळंच नेसवायचं होतं ना हिले?"

"हाँ दादी."

"मंग हे जाकीट काहून घालून राहिली? जाय, माळ्यावरून गठ्ठा काढ."

शेठ काउंटरवरून ओरडले, "माझ्या मालाले हात लावू नका!"

"कोण घेऊन राहिलं तुमचा माल? इतकी वर्षं उंदरं नेसून राहिले," बाई म्हणाल्या.

तर इतक्या वर्षांनी मला पुन्हा चंद्रकळा मिळाली. बाईंच्या हाताला सगळं आठवत होतं. मग हलव्याचा हार, बाजूबंद, कमरपट्टा. शेवटी गळ्यालगतची माळ बांधताना स्वरदा पुढे झाली आणि बोटानं दाणे चाचपू लागली.

"दादी, इसमें तो काँटे हैं!"

"असतेच. काटा नाही आला तर तो हलवा कसला?"

पोरगी खाली बसली ती उठेचना. निळ्या पापण्या, चढलेली भुवई, काळं लुगडं, गळ्यात पांढऱ्या काट्यांची माळ. तो विहिरीतला माणूस गात होता, आणि मी खरंच त्या गाण्यासारखी दिसत असणार. दुःखी, पण नाचायला तयार. संध्याकाळपर्यंत तिनं अर्धं चित्र केलं. दागिन्यांचं बारीक काम सकाळच्या उजेडात करायचं ठरवून ती गेली.

आणि सकाळी मुंग्या.

साखरेचे दागिने घालून पुतळी उभी ठेवली, दुसरं काय होणार! पायाच्या अंगठ्यापासून निघून, निऱ्यांमधून वाट काढत, कमरपट्ट्यावर मुक्काम करून त्या गळ्यापर्यंत पोचल्या होत्या. तिथून एक बारीक रांग गालावर, थेट तिळापर्यंत. तो तीळ त्यांना आपल्यापैकीच कोणी वाटला असावा.

"अगं बाई! हळद आणा!" विनोदिनीबाई धावल्या. "सगळा हार खाल्ला मेल्यांनी!"

"दादी, रुको! मत मारो!" स्वरदा वाटेत आडवी झाली. "हिलाओ भी मत!"

मुंग्या चालत होत्या आणि ती काढत होती. त्या बाकीच्या दहा जणींच्या अंगावर काळी लेस असते म्हणे. माझी लेस जिवंत होती. पूर्वी तिनं वटवाघळं काढली होती, तिथे आता हजारो मुंग्या आल्या, नायिकेनं भुवई उचलली की हुकमाप्रमाणे निघणाऱ्या. टोकदार खिडक्या गेल्या, मालधक्का आला. धुकं गेलं, सिलतऱ्याचा धूर आला.

चित्र बंगळूरला गेलं. फोन आला, त्या वेळी सगळे दुकानातच होते. शेखरही कारखान्यातून आलेला, बुटांवर काळी पूड घेऊन. अनिमेष पडद्याला नाक लावून चित्र उलटसुलट बघत होता. असं माल उलटापालटा करणारं गिऱ्हाईक दोन प्रकारचं असतं, शेठ सांगतात, घेणारं आणि नुसतं बघणारं. मला या वेळी कळेना कोणतं.

"और ये कहाँ की है?" त्यानं विचारलं.

स्वरदानं तोंड उघडलं, पण तिच्या खांद्यामागून विनोदिनीबाई बोलल्या, "आमच्या गुढियारीची आहे. काहून?"

अनिमेषला मराठी येत नव्हतं, तरी तो हसला. "बस," म्हणाला, "यही चाहिए था. किताब शुरू करो."

शेखर बुटांकडे बघत होता. शेवटी म्हणाला, "मंग त्या साहेबाले काय सांगू मी?"

"सांग," बाई म्हणाल्या, "पोट्टी कामात आहे."

त्यानं बुटांवरची पूड झटकली. मग माझ्यापाशी आला, खांद्यावरून घसरलेला पदर नीट केला, आणि घरात गेला. त्याचं ‘हो’ असंच असतं.

आता माझं बरं चाललंय. पुस्तकाचा दुसरा भाग तयार होतोय. काळे शर्ट घातलेल्या पोरी नवा रायपूरच्या हपिसांतून, कॉलेजांतून येतात, माझ्याशेजारी भुवई चढवून फोटो काढतात आणि जाताना चंद्रकळा घेतात. माळा रिकामा झाला. "मी म्हटलंच होतं, काळं चालणार," असं शेठ प्रत्येकीला सांगतात, आणि बाई मागे तीळ निवडत ठेक्यात सूप हलवतात. बिनडोक्याच्या पुतळीवर शेखर घरी आला की शर्ट टांगतो. माझ्या भुवईचा रंग जरा उडालाय. घनाराम आता थकला, पण त्याचं म्हणणं, तेवढी मीच रंगवणार, दुसऱ्या कोणी हात लावू नये.

एक विनंती आहे. संक्रांतीला याल तेव्हा फोटो खुशाल काढा, पण माळेतला हलवा तोडून खाऊ नका. तो मुंग्यांचा वाटा आहे, त्यांच्या मेहनतीचा.

आणि आता मी पडद्यामागे नसते, दारात असते, तोंड रस्त्याकडे. बाहेर कोणी तुम्हाला हळू आवाजात विचारलंच, की घर में गमी हो गई क्या, तर मोठ्यानं सांगा, नाही हो. सण आहे.