मरायचं तर मला बोलवा

एका दिवसात तीन गाजलेले सिनेमे पाहिले आणि तिन्हींत मी मेले. पहिल्यात गोळी लागून, दुसऱ्यात घर अंगावर पडून, तिसऱ्यात आगीत. प्रत्येक वेळी मध्यंतराच्या आत. मी मेले की पोरगा उठतो, मुठी आवळतो आणि दिसेल ते उद्ध्वस्त करत सुटतो. आई जिवंत होती तोवर या बाबाला स्वतःचं ताट उचलून ठेवता येत नव्हतं.

मी नटी नाही. मी आवाज देते. परक्या भाषांतले मोठमोठे सिनेमे आपल्या भाषेत येतात, त्यांत हिरोची आई बोलते ती बहुतेक वेळा मी. चेहरा कुणाचाही असो, गळा माझा. स्टुडिओत मला सगळे ‘आई’च म्हणतात, माझ्या वयाचेसुद्धा. सुरुवातीला राग यायचा, आता अंगवळणी पडलंय.

स्वतःचं काम बघायला मी कधी थेटरात जात नाही. रोज मरे त्याला कोण रडे! पण लेकीनं हट्ट धरला. “आई, सुट्टीचा दिवस आहे, तीन शोंची तिकिटं काढलीत, आता नाटकं करू नकोस.” बापालाही तिनंच ओढून आणलं. तो पहिल्या सिनेमाची नावं संपायच्या आत झोपला आणि नंतरच्या दोन्हींतही झोपला. इमारती कोसळल्या, विमानं फुटली, माणूस हलला नाही. बायको तीनदा गेली, त्याला पत्ता नाही.

मला विचाराल तर या सिनेमांत आवाज फार आणि बोलणं कमी. खुर्चीसकट छाती हादरते. हिरो इतका सावकाश चालतो की मागून कुणीतरी ढकलावं असं वाटतं. अख्खं शहर जमीनदोस्त होतं, पण दुसऱ्या दिवशी तिथे झाडू मारायला कुणी दिसत नाही. आणि आई! पोरापेक्षा जेमतेम मोठी दिसणारी. तिला नाव नाही, काम नाही, मैत्रीण नाही. ‘जेवलास का’, ‘लवकर ये’, ‘तुझे वडील असते तर’ एवढं बोलायचं आणि मरायचं. ती मेल्याशिवाय पोराला अक्कल येत नाही. मी म्हणते, एकदा तरी एका आईला शेवटपर्यंत जगू द्या. आई घरात असताना पोरगा शूर झाला तर कुणाचं काय बिघडतं?

हे सगळं मी लेकीच्या कानात बोलत होते आणि ती मला गप्प करत होती. तिसऱ्या सिनेमात मात्र मी निवांत होते, कारण तो मी केलेलाच नव्हता. त्यातली आई कुणीतरी नवी बाई बोलत होती. चांगली बोलत होती. मी मनातल्या मनात तिला शाबासकीही दिली. मग घराला आग लागली, तुळई खाली आली आणि ती आई ओरडली, “आई गं...”

तो आवाज माझा होता.

बोलत होती ती बाई, ओरडले मी. लेकीनं माझा हात धरला. “आई, हाही तूच केलास? बोलली नाहीस ते.”

“मी नाही केला.”

“पण हे तर तूच आहेस. हे आजी गेली तेव्हाच्या सिनेमातलं आहे ना?”

तेव्हाचंच होतं. माझी आई गेली त्याच आठवड्यात मला एक काम उरकायचं होतं. घरी माणसांची रीघ लागलेली, सगळ्यांचं हवं-नको मी बघत होते, रडायला सवड नव्हती. त्यातून उठून स्टुडिओत गेले. कागदावर नुसतं ‘किंकाळी’ लिहिलं होतं. पडद्यावरची बाई पडली आणि माझ्या तोंडून ‘आई गं’ निघालं. शेवटचा ‘गं’ पुरा झालाच नाही, तिथेच मला रडू फुटलं. काचेपलीकडे आमचा रेकॉर्डिंगवाला बसला होता. त्याचा कान इतका तिखट की सगळे त्याला कानसेन म्हणतात. एरवी तो एकेक वाक्य दहादा बोलायला लावतो. त्या दिवशी त्यानं दुसऱ्यांदा मागितलं नाही, मशीन बंद केलं आणि मला पाणी आणून दिलं. ती हाक त्या एका सिनेमात गेली, त्याला माझी ना नव्हती. मी कामावर होते आणि काम म्हणून ती दिली होती. पण पुन्हा, न विचारता, दुसरीच्या तोंडात?

बाहेर आल्यावर आम्ही चहा घेतला. मी कप खाली आपटला तेव्हा नवऱ्याला पुरती जाग आली.

“काय झालं?”

“माझी वस्तू चोरीला गेली.”

“पर्स?” तो खिसे चाचपायला लागला.

“पर्स नाही हो. तुम्ही झोपा.”

लेक मला समजावत होती. “आई, जाऊ दे ना. एक ओरडणं तर आहे. भांडलीस तर काम जाईल. हल्ली स्टुडिओवाल्यांना माणसं लागतच नाहीत म्हणतात. आज ओरडणं घेतलं, उद्या बोलणंही घेतील.”

“म्हणूनच आज बोलायला हवं,” मी म्हटलं. काम जाण्याची भीती मला नव्हती असं नाही. या वयात मला दुसरं काम कोण देणार? पण रागापुढे भीती मागे पडते, निदान माझी तरी पडते.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझं काम होतंच. नवा सिनेमा, पुन्हा हिरोची आई. बहुतेक सीन झाले होते, दोनच उरले होते: एक दारात उभं राहून वाट बघण्याचा आणि एक जिन्यावरून ढकलल्यावर मरण्याचा. मी माईकपाशी गेलेच नाही. सरळ साहेबांसमोर उभी राहिले. साहेब म्हणजे आमचं डबिंग करून घेणारे, स्टुडिओ त्यांचाच.

“कालच्या सिनेमात मी कशी मेले?” मी विचारलं.

ते हसले. “ऐकलंत वाटतं. आई, कौतुक समजा. इतकी खरी किंकाळी आमच्याकडे दुसरी नाही. शिवाय तुमचा यायचा त्रास वाचला.”

“मरायचं तर मला बोलवा. मी येईन आणि मरेन. पण माझ्या पाठीमागे मला मारायचं नाही.”

“बरं, पुढच्या वेळी शेवटी तुमचं नाव टाकू.”

“नावाचं काय लोणचं घालू? ती हाक पुसून टाका.”

“पुसून? वेड लागलंय का? अशी गोष्ट पुन्हा मिळत नाही.”

“माहीत आहे. माझी आई पुन्हा पुन्हा मरणार नाही.”

साहेब आवाज चढवून म्हणाले, “हे बघा, मी दुसरी आई आणू शकतो. ऐकणाऱ्याला कुठे कळतंय? कालच्यात कळलं का कुणाला?”

“माझ्या लेकीला कळलं,” मी म्हटलं आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर जाऊन बसले. “आणा दुसरी. सगळे सीन तिच्याकडून पहिल्यापासून करून घ्या. सिनेमा याच आठवड्यात लागायचाय ना?”

मी तिथून उठले नाही. साहेब फोनवर कुणाकुणाशी बोलले, येरझारा घातल्या, माझ्याकडे बघून सुस्कारे सोडले. मी समोरच्या भिंतीकडे बघत राहिले.

शेवटी बोलला तो कानसेन. “साहेब, तुम्ही सांगितलंत, पण लावली मीच. तेव्हाच नको म्हणायला हवं होतं. आता मीच काढतो.”

“काढ बाबा काढ,” साहेब वैतागून म्हणाले. “तुमच्या नादी कोण लागेल!”

मी उठून कानसेनाच्या मागे उभी राहिले. थेटरांत गेलेली हाक परत येणार नव्हती, ते मलाही कळत होतं. पण इथून पुढे ती कुणाच्या हाती लागणार नव्हती. त्यानं ती शोधून काढली आणि मान वळवून हळूच विचारलं, “आई, पुसायच्या आधी एकदा ऐकायची? नंतर मिळायची नाही.”

ऐकावीशी वाटली, खोटं कशाला बोलू? माझ्या आईसाठी मी एवढंच रडले होते आणि ते सगळं त्या मशीनमध्ये होतं.

“नको,” मी म्हटलं. “जिला हाक मारली होती तिच्यासाठी होती ती. पुस.”

त्यानं पुसली.

मग मी आत गेले, हेडफोन लावला आणि दारात उभं राहून वाट बघण्याचा सीन करून टाकला. त्यानंतर मरण्याचा. पडद्यावर एका दांडग्यानं बाईला जिन्यावरून ढकललं, तिनं तोंड उघडलं आणि मी पोटातून ओरडले, “मुडद्या!”

ओठांना अगदी चपखल बसलं. काचेपलीकडे कानसेनानं अंगठा वर केला.

साहेब आतल्या स्पीकरवरून खेकसले, “आई, हे कागदावर नाहीये!”

“‘आई गं’ही नव्हतं,” मी म्हटलं.