व्यापारी मंडळाचा बंब

मी बंब बोलतोय. न्हाणीत पाणी तापवणारा तांब्याचा बंब नव्हे, आग विझवणारा. दोन चाकं, मधे लोखंडी टाकी आणि टाकीवर आडवा दांडा. दांड्याच्या दोन्ही टोकांना माणसं उभी राहतात. एक बाजू खाली दाबली की दुसरी वर येते आणि नळीतून पाणी उसळतं. मला इंजिन नाही. माणसांच्या दंडात असेल तेवढाच माझा जोर.

माझा जन्म मुंबईच्या एका कारखान्यातला. पुष्कळ वर्षं जिनिंग फॅक्टरीत काढली. ती बंद पडली, तेव्हा नेरच्या बाजूच्या धनखेडच्या व्यापारी मंडळानं मला आणलं. कापसाचे अडते, किराणावाले, कापडवाले असं ते मंडळ. उन्हाळ्यात पाणपोई घालायचं, पोळ्याला चांगल्या बैलजोडीला बक्षीस द्यायचं, कुस्त्या भरवायचं. मी आलो त्या दिवशी अध्यक्ष सदाशिवरावांनी माझ्या चाकापाशी नारळ फोडला. म्हणाले, "हा बंब एकट्या बाजाराचा नाही, आजूबाजूच्या साऱ्या खेड्यांचा आहे." ते मनापासून बोलले होते. टाळ्या वाजल्या आणि मला उगाच मोठं झाल्यासारखं वाटलं.

माझा दांडा मारायचे ते बाजारातले हमाल. त्यांचा म्होरक्या डोमाजी. रोज बोरटेकहून पायी यायचा, कोसभर. त्याच्या हाताला लय होती. तो दांड्याला लागला की बाकीचे आपोआप त्याच्या श्वासावर चालायचे. बोरटेकचे मोठे शेतकरी बापूजी यांची कडब्याची गंजी पेटली, ती आम्ही विझवली. बापूजींनी हमालांना गूळ वाटला; डोमाजीला मात्र वरून, हात लागू न देता टाकला.

छप्पनच्या दसऱ्याला डोमाजी आणि त्याची बायको मथुराबाई नागपूरला गेले आणि बौद्ध होऊन परतले. त्यांच्या वस्तीनं मेलेली ढोरं ओढणं सोडलं. डोमाजी ताठ चालू लागला. सदाशिवरावांना ‘मालक’ म्हणणं त्यानं बंद केलं; ‘जय भीम, सदाशिवराव’ म्हणायचा. त्यांनीही आधी हसून घेतलं.

बापूजींना हसू आलं नाही. एक दिवस ते कापसाच्या बैलबंड्या घेऊन आले आणि माझ्या शेडसमोरच सदाशिवरावांना म्हणाले, "तुमचा बंब त्या वस्तीच्या कामाले गेला, तर आमच्या बंड्या दारव्ह्याच्या बाजारात जातीन. मंग बसा माश्या मारत."

दुसऱ्या दिवशी माझ्या शेडला कुलूप लागलं. मंडळाच्या परवानगीशिवाय बंब हलणार नाही, असा नियम झाला. किल्ली सदाशिवरावांच्या कोटाच्या खिशात.

पुढच्याच्या पुढल्या चैत्रातली गोष्ट. भर दुपार, वारा सुटलेला. बोरटेकच्या अंगाला धूर दिसला. पहिल्यांदा पांढरा, मग काळा. डोमाजीच्या पाठीवर पोतं होतं, ते त्यानं तिथंच टाकलं. धूर कुठल्या बाजूचा आहे हे त्याला सांगावं लागलं नाही. वस्तीतली घरं कुडाची, वर पऱ्हाटीचं, कापसाच्या वाळल्या काड्यांचं छप्पर. घरी त्याचा बाप उकंडा बाजेवर पडून होता, लकव्यानं पाय गेलेले. त्याच्यापाशी डोमाजीची लहानगी लेक नलू. मथुराबाई रानात.

शेडच्या फटीतून मी सगळं ऐकत होतो.

"सदाशिवराव, किल्ली द्या. घरं जळून राह्यले."

"अरे डोमाजी, यार्डात कापूस पडला आहे. बंब तिकडं गेला आणि इथं ठिणगी पडली तर?"

"इथं कुठी आग हाये? आग तिथं हाये! माहा बाप उठू शकत नाही."

"माझ्या एकट्याच्या हातात काय आहे? मंडळाची माणसं गोळा करतो. थोडा दम धर."

मग डोमाजीचा आवाज आला, पार जमिनीलगतचा. त्यानं पाय धरले असावेत. "मालक, पाया पडतो. मालक, द्या किल्ली."

तो शब्द ऐकून माझं लोखंड चरकलं. नागपूरहून आल्यापासून त्यानं तो तोंडात घेतला नव्हता. सदाशिवराव म्हणाले, "ऊठ रे, ऊठ, असं करू नको," आणि माणसं बोलवायला म्हणून निघून गेले. किल्ली खिशातच गेली.

डोमाजी उठला. पोती ओढायचा लोखंडी आकडा त्यानं कुलपात अडकवला आणि सगळं अंग टाकलं. कडी उचकटली. हमालांनी मला बाहेर ओढलं. बैल जुंपायला वेळ नव्हता, जू त्यांनीच धरलं. वाटेत नाल्याच्या रेतीत माझं चाक रुतलं. माणसं शिव्या देत होती, रडत होती, ओढत होती. मी इतका जड का घडलो, असं मला त्या दिवशी वाटलं.

आम्ही पोचलो तेव्हा अर्धी वस्ती जळून खाली बसली होती. मथुराबाई रानातून धावत येऊन नलूला बाहेर घेऊन आली होती. सासऱ्यासाठी परत आत शिरली, तेवढ्यात छप्पर कोसळलं. तिचे दोन्ही हात भाजले होते.

"बुढा आत हाये," ती म्हणाली. "आवाज देत होता. आता नाही देत."

माझ्या टाकीत पाणी नव्हतं. वस्तीची विहीर कोरडी. मथुराबाईनं भाजल्या हातांनीच बादली उचलली आणि सरळ गावाच्या विहिरीवर गेली, जिथं त्यांना मनाई होती. बापूजी तिथंच उभे होते. वारा त्यांच्या गोठ्याकडं वळला होता. ते बाजूला झाले. बाया पाणी ओतत राहिल्या, डोमाजी दांडा मारत राहिला. बापाच्या घराकडं त्यानं नळी वळवली नाही. जी घरं उभी होती, तिकडं वळवली. ती वाचली. गोठाही वाचला.

आठवडा उलटायच्या आत मंडळानं वस्तीला बांबू, ज्वारी, भांडी पाठवली. त्याच आठवड्यात डोमाजीवर कुलूप फोडून बंब पळवल्याची फिर्याद झाली. दोन्हींवर सही सदाशिवरावांचीच.

पावसाळ्यात मंडळाचा वार्षिक समारंभ झाला. मला तांबडा रंग देऊन, हार घालून मंचाशेजारी उभं केलं. यवतमाळहून साहेब आले होते. बोरटेकच्या आगीत मंडळाच्या बंबानं कशी घरं वाचवली, हे सदाशिवरावांनी भाषणात सांगितलं. मग मदत म्हणून लुगडं घ्यायला मथुराबाईला वर बोलावलं. तिच्या हातांवर कातडी ओढून शिवल्यासारखी झाली होती.

तिनं लुगडं घेतलं नाही. म्हणाली, "लुगडं राहू द्या, भाऊ. हा बंब कोनं आनला ते तुमाले ठावं हाये. माह्या मानसावरची केस मागं घ्या."

साहेबांनी सदाशिवरावांकडं पाहिलं. सदाशिवरावांचे ओठ हलले. "बाई, त्यासाठी मंडळाची बैठक घ्यावी लागेल," ते म्हणाले.

ती पायऱ्या उतरून गेली. पुढचं नाव पुकारलं गेलं.

बैठक झालीच नाही. डोमाजीला कैद झाली. सुटून आला तेव्हा बाजारात त्याला कुणी पोतं उचलू देईना. शेवटी ते तिघं राजूरला खाणीच्या कामाला निघाले. जाण्याआधी तो मला बघायला आला. नलू त्याच्या बोटाला धरून होती. त्यानं दांडा दोनदा खालीवर केला. माझ्या आतलं, पाणी ओढून धरणारं चामड्याचं वायसर सुकून फाटलं होतं. नुसती हवा फसफसली.

"हा तं मेला," तो नलूला म्हणाला. तिला घेऊन राजूरच्या मोटारीकडं गेला. मागं वळला नाही.

त्यालाही आता काही वर्षं झाली. मंडळाची नवी इमारत झाली, तिच्या ओसरीत मी उभा असतो. दर दिवाळीला रंग लागतो. नळी उंदरांनी खाल्ली, ते रंगाखाली दिसत नाही. सदाशिवराव थकलेत, माझ्या बाजूनं जाताना ते रस्त्याकडं बघत जातात.

खेड्यांतली माणसं बाजाराला येतात, मला बघतात आणि एकमेकांना म्हणतात, "आपल्याले काय भेव? मंडळाचा बंब हाये." हे ऐकलं की मला ओरडावंसं वाटतं. बोरटेकची वस्ती पुन्हा कुडाचीच उभी राहिली आहे. फाल्गुन सरत आला आहे, वारे सुटलेत.

ऐकणारं कुणी असेल तर ऐका. माझं वायसर बदला, नवी नळी आणा, दांड्याला माणसं लावा. ते होत नसेल, तर मला भंगारात फोडा. पण मला असा रंगवून उभा करू नका. बाया माझ्या भरवशावर घरी लेकरं ठेवून रानात जातात.