चोवीस पौंडांची स्प्रिंग

माझ्या बंदूकदुरुस्तीच्या दुकानातली कॉफी भिकार असते, हे अख्ख्या कोडियाक बेटाला ठाऊक आहे. तरी मात्रोनाने कपातली अर्धी कॉफी परत किटलीत ओतली, तेव्हा माझं डोकं फिरलं.

"आवडत नसेल तर तोंडावर सांग ना."

"गप रे ऑर्विल," ती म्हणाली आणि पिस्तूल टेबलावर ठेवलं. "हे विकून टाक."

मात्रोना नदीच्या बांधावर सामन मासे मोजते. तेवीस उन्हाळे झाले. मासे येतात तिथे अस्वलंही येतात, त्यामुळे दरवर्षी पिस्तूल नीट चालवून दाखवल्याशिवाय तिकडे कोणाला पाठवत नाहीत. यंदाची परीक्षा दुसऱ्याच दिवशी होती.

"दर तिसऱ्या गोळीला अडकतंय. दोष त्याचा नाही, माझ्या हातांचा आहे. आईचे हात बावन्नाव्या वर्षी थरथरायला लागले. मला बावन्नावं चालू आहे."

"तुझे हात थरथरताना पाहिलेस?"

"निरखून बघायची हिंमतच होत नाही. लॅरियनला बोलू नकोस हं."

लॅरियन म्हणजे तिचा नवरा. तो बाहेर गाडीत बसला होता. अर्ध्या कपाचं कारण मला आत्ता कळलं: भरलेला कप हातून सांडेल, ही भीती. शेवटी-शेवटी तिच्या आईला सूपसुद्धा दुसऱ्याने भरवावं लागायचं.

मी पिस्तूल घेऊन दुकानामागच्या मातीच्या बांधाकडे गेलो. अस्वलासाठीची जोरदार काडतुसं भरली. दोन गोळ्या सुटल्या, तिसरी अडकली.

"मात्रोना! माझ्याही हातात अडकलं!"

चाळीस वर्षांत अडकलेलं पिस्तूल बघून मला पहिल्यांदाच आनंद झाला. ती धावत आली. उघडून बघतो तर आत चकचकीत नवी स्प्रिंग, चोवीस पौंड जोराची.

"ही कोणी घातली?"

"लॅरियनने. झटका कमी बसेल म्हणाला."

"शहाणाच आहे! अगं, ही वरच्या सरकत्या स्लाइडला इतक्या जोरात पुढे ढकलते, की मॅगझिनमधली गोळी वर यायच्या आत स्लाइड पुढे निघून जाते. कडक ते चांगलं, असं वाटतं सगळ्यांना. वैताग नुसता!"

कारखान्यातली मूळची वीस पौंडांची घालून पाहिली. अडकलं नाही, पण या काडतुसांपुढे ती नरम पडली. स्लाइड मागे दाणकन आदळत होती आणि रिकाम्या पुंगळ्या शेडच्या छपरावर जाऊन पडत होत्या. मग बावीसची घातली. पुंगळ्या पाच-सहा पावलांवर पडू लागल्या, म्हणजे जोर बरोबर जमला.

"आता तू चालव."

तिने तीन मॅगझिन रिकामी केली. एकदाही अडकलं नाही. म्हणाली, "अजून एक दे." तेही सुरळीत सुटलं. मग ती तिथेच मातीत बसली आणि हसत, रडत लॅरियनला शिव्या घालत राहिली. मलाही फार सुटल्यासारखं वाटलं.

दुकानात आल्यावर तिने कप पुढे केला. "भर. काठोकाठ."

भरलेला कप घेऊन ती दाराबाहेर पडली, तीन पायऱ्या उतरली, खडीवरून चालत गाडीपाशी गेली. मी खिडकीतून बघत होतो.

"अगं, सांडशील!" लॅरियन काच खाली करत ओरडला.

"नाही सांडत," तिने कप त्याच्या नाकासमोर धरला. "आणि माझ्या पिस्तुलाला परत हात लावलास तर याद राख."