रंगाचा दुसरा हात

मी एक जुना पंखा आहे. हसू नका मित्रांनो, वीतभर असलो तरी खराखुरा! बोगद्यात हवा खेळवणाऱ्या एका अवाढव्य पंख्याचा मी नमुना, बरोबर दहावा हिस्सा. मोठा पंखा घडवल्यावर तो किंचाळतो असं कळलं, तर सगळी मेहनत पाण्यात. म्हणून आधी मला फिरवायचं. मी दहापट वेगाने गरगरायचो, माझ्या आवाजाची पट्टीही दहापट उंच. त्यावरून मोठ्याचा आवाज गणिताने काढता येई.

माझी पाती आखली आमच्या इंजिनिअर बाईंनी. त्यांची आई त्याच बोगद्याच्या तोंडाशी राहायची. तिथला जुना पंखा दिवसभर असा बोंबलायचा, की फोनवर बाईंना प्रत्येक वाक्य ओरडून दोनदा सांगावं लागे. त्यापायी त्यांनी तीन वर्षं रक्त आटवलं.

मला घडवलं फिटरकाकांनी. कानशीने एकेक पातं घासताना ते माझ्याशी गप्पा मारायचे. शेवटी त्यांनी मला लालभडक रंग दिला. काय दिसत होतो म्हणून सांगू!

चाचणीच्या खोलीत भिंतींना जाड स्पंज आणि चहूकडे माइक. मी ऐटीत फिरलो, आणि निघाली कर्कश शिट्टी! तीनदा फिरवलं, तीनदा तेच. साहेबांनी सांगून टाकलं, संध्याकाळपर्यंत सुधारणा नाही दिसली तर ही पाती रद्द. बाईंचा चेहरा उतरला. मला तर रडूच कोसळलं.

काकांनी मला हातात घेतलं, पात्याच्या कडेवरून नख फिरवलं आणि ते पांढरेफटक पडले.

“ताई, सांगितला होता रंगाचा एकच हात. दुसरा मी दिला. म्हटलं, पोर जरा उठून दिसेल.”

बाईंनी कपाळावर हात मारला. माझ्यावरचा केसभर थर म्हणजे मोठ्या पंख्यावर दहापट जाड लेप! माझ्या कडाच बोथट झाल्या होत्या. पण त्या रागावल्या नाहीत. दोघांनी मिळून मला खरवडलं. पुन्हा फिरलो, तर नुसती मंद घुमघुम! काका डोळे पुसत हसत होते.

आता मी फळीवर असतो. मित्रांनो, माझी धूळ जरूर पुसा, माया करा, पण मापात करा हं.

आणि हो, खरी गंमत राहिलीच! मोठा पंखा बोगद्यात सुरू झाला, त्या दुपारी बाईंनी माझ्या शेजारूनच आईला फोन लावला. पलीकडून आई म्हणाली,

“अगं, ओरडतेस कशाला? ऐकू येतंय मला.”