गवतावरचा पडदा

मी एक जुना पडदा आहे, नाटकाचा. मित्रांनो, मला पाहून तुम्हाला हसू येईल, म्हणून आधीच सांगतो, एके काळी मी बरा दिसत होतो.

तारापूरजवळच्या एका वाडीत बळवंतआजोबांनी मला रंगवले. दिवसभर ते नारळी-केळींना पाणी द्यायचे आणि उन्हे कलली की देवळाच्या ओट्यावर मांजरपाटाचे जाडेभरडे कापड पसरून रंग कालवायचे. नाटकात राजे असत, म्हणून मंडळींनी राजवाडा मागितला. आजोबांनी राजवाडा काढला आणि त्याच्या शेजारी आमच्याच वाडीतली विहीर आणि रहाट काढला. कोणी नाक मुरडले तेव्हा म्हणाले, "राजालाबी पानी लागतंच की." पुढे लोक राजवाड्यापेक्षा त्या रहाटालाच जास्त नावाजू लागले.

आमच्या वाडीची एक रीत होती. हनुमान जयंतीच्या नाटकाला नारळ फुटला की पडद्याची पहिली दोरी तो रंगवणाऱ्यानेच ओढायची. आजोबा धुतलेला सदरा घालून यायचे, दोरी ओढायचे, मी सरसर वर जायचो. तेवढ्यासाठी ते वर्षभर जगतात, असे त्यांची नात सुलू म्हणायची.

मग तारापूरला वीज केंद्राचे काम सुरू झाले. बाहेरगावची शिकलेली माणसे नाटकाला येऊ लागली आणि आमच्या मंडळींना माझी लाज वाटू लागली. मंडळाचा कारभार कृष्णकांत पाहायचा, आजोबांचा मुलगा. त्याने मुंबईहून लाल मखमली पडदा आणवला. मला उमरोळीच्या एका गवताच्या व्यापाऱ्याने गंजी झाकायला मागितले आणि कृष्णकांतने देऊन टाकले. स्टेशनाजवळच्या गंजीवर मी पसरलो. पावसाने माझा राजवाडा वाहून गेला, उंदरांनी विहीर कुरतडली. येणारे-जाणारे माझ्याकडे पाहायचे तेव्हा माझी रंग नसलेली बाजू वर असती तर बरे, असे मला वाटायचे.

या काळात आजोबांचे डोळे गेले होते, अंथरूणही धरले होते. पडदा कुठे आहे असे त्यांनी विचारले की कृष्णकांत सांगायचा, "देवळात पेटीत हाय, बाबा."

एका हनुमान जयंतीला ते हट्टाला पेटले. "यंदा मना देवळात नेवा. दोरी ओढतो, मग काय व्हायचं ते होवो."

कृष्णकांत उमरोळीला धावला. त्याने मला सोडवून आणले, झटकले, टांगले. बाबांना दिसतेय कुठे, असे त्याने मंडळींना समजावले. सुलू मात्र माझ्याकडे पाहून रडवेली झाली.

तिन्हीसांजेला आजोबा तिच्या खांद्यावर हात ठेवून आले. वीज केंद्राचे पाहुणे समोर बसले होते. मी माझी भोके घेऊन त्यांच्यापुढे लटकत होतो. इतकी शरम मला गंजीवरही वाटली नव्हती.

"सुलू, रहाट दिसतो का गं?"

"दिसतो, आजोबा."

नारळ फुटला. आजोबांनी दोरी ओढली. मी हललो आणि माझ्या खालच्या शिवणीत दडलेले गवत त्यांच्या डोक्यावर, खांद्यावर पडले. मला स्वतःला आवरता आले असते तर! त्यांनी खांद्यावरची एक काडी उचलली, नाकाशी नेली आणि दोरी धरून तसेच उभे राहिले.

"किस्ना, पेटीत गवत कुठलं रं?"

खोटे बोलायला जागा उरली नव्हती. "गंजीवर होता, बाबा," कृष्णकांत मान खाली घालून म्हणाला. "मीच दिला. माजी चूक झाली."

आजोबांनी काडी खिशात टाकली.

"गवत तरी कोरडं रायलं ना?" त्यांनी विचारले, आणि मला पुरते वर ओढले.

पुढे महिन्याभरात आजोबा गेले.

कृष्णकांतने मखमली पडदा काढून ठेवला आणि स्वतःच्या हाताने मला ठिगळे लावली. राजवाडा, विहीर काढणे त्याला जमत नाही. त्या जागा तशाच कोऱ्या आहेत. दर वर्षी नारळ फुटला की मंडळी त्याला दोरी ओढायला सांगतात. तो सुलूला पुढे करतो आणि आपण मागे जाऊन उभा राहतो.

मित्रांनो, मला जपा असे म्हणायला मला तोंड नाही, मी आता फाटकाच आहे. पण तुमच्या घरात कोणी म्हातारे माणूस आपल्या हातच्या वस्तूविषयी विचारत असेल, तर ती वस्तू आजच शोधून त्याच्या हातात द्या.