शांततेची मोजणी

मोजणीदारांनी नोकरीभर लोकांच्या जमिनी मोजल्या, आणि "बरोबर मोजलीत" असं म्हणणारा मालक त्यांना एकदाही भेटला नाही. निवृत्त झाल्यावर ते घरातली प्रत्येक गोष्ट दोनदा मोजू लागले.

त्यांच्या बायकोच्या घशात गाठ निघाली. दोन महिन्यांनी ऑपरेशन. त्यानंतर आवाज राहीलच असं सांगायला डॉक्टर तयार नव्हते. बाई कपडे शिवायच्या. शिलाई मशीनच्या ठेक्यावर त्यांनी स्वतःची सात गाणी रचली होती, आणि कागदावर त्यातली एक ओळही नव्हती. तेव्हा गाणी घरीच रेकॉर्ड करून ठेवायची ठरली. मायक्रोफोन आला. तो कॉम्प्युटरला जोडायला मध्ये एक डबी लागते, ऑडिओ इंटरफेस नावाची. ती निवडण्याचं काम मोजणीदारांनी अंगावर घेतलं. त्यांना गाण्याचा कान अजिबात नव्हता. बायकोची सातही गाणी त्यांना एकाच गाण्यासारखी वाटत. पण कोष्टक आखायला कान लागत नाही.

दुकानदार भला माणूस. आठ दिवस वापरून बघा, नाही पटली तर परत आणा, म्हणाला. आपण हे कुणाला सांगतोय याची त्याला कल्पना नव्हती.

घर बांधायचं तर आधी मोकळी जागा मोजतात. त्याच हिशोबाने मोजणीदारांनी गाण्याआधी शांतता मोजायला घेतली. भर दुपारी खिडक्या बंद, पंखा बंद, मशीन बंद. बाई शेजारी ओठ मिटून, मांडीवर कुणाचा तरी अर्धवट फ्रॉक घेऊन बसत. पाच मिनिटं नुसती शांतता रेकॉर्ड होई. मग मोजणीदार हेडफोन लावून ती ऐकत.

पहिल्या डबीत खरखर नव्हती, पण फार लांबून कुणीतरी गुणगुणत होतं. मोजणीदारांनी शेऱ्याच्या रकान्यात 'डबीत दोष' असं लिहिलं, फाइल पुसली आणि डबी परत केली. दुसरीत तोच प्रकार, जरा जवळून. तिसरीत घेतलेला श्वासही कळत होता. शेजाऱ्यांचा रेडिओ असेल म्हणून ते चौकशीला गेले. शेजारी महिनाभर परगावी होते, रेडिओसकट.

मी एकदा गाऊन बघू का, असं बाई अधूनमधून विचारत. आधी शांतता नीट येऊ दे, म्हणून ते त्यांना थांबवत. पाचव्या डबीनंतर बाईंनी विचारणं सोडलं. इतक्या वर्षांच्या संसारात आपलं म्हणणं पहिल्यांदाच पटलं, याचं मोजणीदारांना समाधान वाटलं.

सातवी डबी ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तपासायला घेतली. हेडफोन सापडेना, त्यावर ते स्वतःच बसले होते; म्हणून रेकॉर्ड केलेली शांतता स्पीकरवर लावली. खोलीत कुणीतरी गाऊ लागलं, अगदी हाताच्या अंतरावरून.

बाईंची सुई थांबली.

"हा माझा आवाज आहे."

"पण तू तर गप्प बसली होतीस."

"गाणंही माझंच आहे, सातवं. सकाळपर्यंत येत होतं मला." ते म्हणून दाखवायला त्यांनी तोंड उघडलं, आणि ते तसंच राहिलं.

"बाकीची सहा?"

"ती कधीच गेली हो. दर आठवड्याला एक. मला वाटलं, वय झालं."

मोजणीदारांनी दुकानदाराला फोन लावला. पुसलेल्या फायली परत आणता येतात का, विचारलं. त्यात काय होतं, असं त्याने विचारलं. शांतता, असं सांगावं लागलं. "मग नवीन करून घ्या की," तो भला माणूस म्हणाला.

बाईंनी पहिली ओळ पुन्हा लावायला सांगितली आणि तिच्याबरोबर म्हटली. ओळ घशात आली. पडद्यावरची तेवढ्या भागाची नागमोडी रेघ मात्र सपाट झाली. मोजणीदारांनी दोनदा वाजवून पाहिलं. सुरुवातीला अकरा सेकंद काहीच नाही, मग एकदम दुसरी ओळ. गाणं एकाच ठिकाणी राहणार होतं, डबीत किंवा बाईंपाशी.

"उद्या घसा कापणार आहेत गं," ते हळूच म्हणाले.

"माहीत आहे. उरलेलं डबीत राहू द्या. ही एक ओळ माझ्याकडे असू दे."

"पण ती गेली तर?"

"गेली तर गेली. अगदी रिकामी होऊन नाही जायची मी आत."

आवाज गेला. दुकानदाराचा फोन आला तेव्हा मोजणीदारांनी डबी पसंत असल्याचं सांगितलं. त्याने दोनदा विचारून खात्री करून घेतली.

त्यानंतर रोज दुपारी ते गाणं लावू लागले. पहिले अकरा सेकंद बाईंचे ओठ हलत. ते थांबले की डबीतून दुसरी ओळ सुरू होई. एका दुपारी बाईंना ओळीच्या मध्येच ठसका लागला. अकरा सेकंद होऊन गेले, पंधरा झाले. बाईंनी पाण्याचा घोट घेतला, तोंड पुसलं आणि राहिलेले शब्द ओठांनी पुरे केले.

तोवर डबी त्यांच्यासाठी थांबली होती.