रावजींनी सांभाळलेली बॅटरी

"बाबा, मागे उभे राहू नका. कॅमेऱ्यात दिसता तुम्ही."

रावजी दोन पावलं सरकले आणि कपाटाला टेकले. तिथूनही ते दिसत होते, फक्त अर्धे. ज्ञानेश्वरीने मान वळवून पाहिलं, तसे मुकाट्याने स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले.

"किती हाय?" त्यांनी तिथून विचारलं.

"शंभर."

"मगाशी पण शंभरच व्हती."

"लाईट जाऊन दोन मिनिटं झालीत, बाबा. बसा बघू जरा."

बसणं हे काम रावजींना जन्मात कधी जमलं नव्हतं. ते परसदारी गेले, विनाकारण बादली उचलून दुसरीकडे ठेवली आणि परत आले. सोमवार होता. तारांवर आलेल्या फांद्या तोडायच्या म्हणून रत्नागिरीच्या नाचणे रोडच्या या बाजूला दहा ते पाच लाईट नसणार, हे शनिवारीच कळलं होतं. आणि मुलीची मीटिंग अकराला. पुण्याच्या एका कंपनीसाठी ज्ञानेश्वरी घरी बसून विम्याचे क्लेम तपासायची. आज तिचे चीफ, चीफांचे चीफ, सगळे एकदम समोर येणार होते. इंटरनेट मोबाईलवरून मिळालं असतं, त्याची चिंता नव्हती. लॅपटॉप किती वेळ तग धरतो, एवढाच प्रश्न होता.

आता एका मीटिंगसाठी बापाने एवढं कासावीस व्हावं का? पण गोष्ट एका मीटिंगची नव्हती. गणपतीत भेंडी चिरता चिरता ज्ञानेश्वरी म्हणाली होती, "चीफ म्हणतात, लाईट गेली की बॅटरी उतरून कॉल असेच तुटत राहिले तर मला पुण्यात येऊन बसावं लागेल." म्हणाली आणि तिने पुढची भेंडी घेतली. रावजींच्या मनातून मात्र ते जाईना. त्यांची बायको मथुरा जाऊन दोन वर्षं झाली होती. तिच्या आजारपणात मुलगी पुणं सोडून घरी आली ती राहिलीच. सकाळी तिच्या खोलीतून की-बोर्डची टकटक ऐकू आली की घरात माणूस आहे असं वाटायचं. ती गेली की त्या घरात रावजी आणि भिंतीवरची पाल, दोघंच. हे त्यांनी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं, पण भीती हीच होती.

त्या दिवसापासून रावजींनी बॅटरी आपल्या ताब्यात घेतली.

त्यांचा तो हक्कच होता म्हणा ना. मंडणगडकडच्या खेड्यातून आलेला हा माणूस चौतीस वर्षं एस.टी.च्या डेपोत बॅटरी सेक्शनला होता. अ‍ॅसिडने कपड्यांना पडलेली भोकं बघून मथुरा म्हणायची, "तुमचा शर्ट पीठ चाळायला बरा." मुक्कामाला गेलेली गाडी पहाटे सुरू झाली नाही की अख्खी वाडी धक्का मारायला उतरते, आणि प्रत्येक जण डेपोतल्या बॅटरीवाल्याच्या नावाने बोटं मोडतो. रावजींच्या नावाने फार कमी बोटं मोडली गेली. त्यांचा नियम सोपा होता. बॅटरी उतरू द्यायची नाही. उतरलेली बॅटरी तशीच पडून राहिली की आतल्या प्लेटी पांढऱ्या पडतात, मग ती कामातून गेली. गाडी आली की बॅटरी काढून चार्जिंगला लावायची, पाणी बघायचं, टर्मिनल पुसायचं आणि भरलेली बॅटरी भरलेलीच ठेवायची.

लॅपटॉपात पाणी घालायची सोय नव्हती, एवढीच काय ती अडचण. बाकी रावजींनी काही म्हणजे काही कमी केलं नाही. काम संपलं की लॅपटॉप चार्जरवर. रात्रभर चार्जरवर. ज्ञानेश्वरी बाजारात गेली तरी चार्जरवर. रत्नागिरीची दमट हवा लागू नये म्हणून वरून मथुराच्या लुगड्याची गोधडी, चौघडी करून. तिने प्लग काढलेला दिसला की येता-जाता हे परत लावायचे. "राहू द्या हो बाबा," ती म्हणायची. "तुला काय कळतंय गो बॅटरीतलं," हे म्हणायचे. आणि तरीही महिन्याभरात बॅटरी दिवसेंदिवस लवकर उतरायला लागली होती. रावजी जास्त जपायला लागले.

"सहासष्ट," पावणेअकराला ज्ञानेश्वरी म्हणाली.

ऑक्टोबरचा उकाडा, त्यात पंखा बंद. रावजींच्या गळ्यावरून घाम ओघळत होता आणि ते टॉवेल खांद्यावर असूनही पुसत नव्हते.

मीटिंग सुरू झाली. ज्ञानेश्वरी इंग्रजीत बोलत होती. रावजी दाराआड उभे राहून तिचा आवाज ठीक येतोय ना, तेवढंच ऐकत होते. बारा मिनिटांनी ती वाक्याच्या मध्येच थांबली. लॅपटॉप बंद पडला होता. एक्केचाळीस टक्के दाखवत होता आणि गेला.

"गेला," ती म्हणाली. ती रागावली नाही, हेच रावजींना जास्त लागलं. मोबाईल उचलून ती परसात फणसाखाली गेली, तिथे रेंज बरी असते, आणि उभ्या उभ्या पुढचं बोलायला लागली.

रावजी लॅपटॉपचं झाकण मिटायला गेले. धड मिटेना. बूड टेबलावर डुगडुगत होतं आणि बोट फिरवायची जागा पोटात वारा धरल्यासारखी वर आली होती. त्यांनी तो बाजाराच्या पिशवीत घातला, चपला पायात सरकवल्या आणि रिक्षा थांबवली.

मारुती मंदिरच्या मागच्या गल्लीत नेत्राचं दुरुस्तीचं दुकान होतं. नेत्रा चाळिशीची. तिची आई मिरकरवाड्याला मासे विकायची. आईने सुरमई उघडावी तितक्या सफाईने लेक लॅपटॉप उघडते, असं लोक म्हणायचे. रावजींना बाईमाणसाच्या हातात बॅटरी द्यायचं जरा जिवावर आलं, पण गरज त्यांची होती.

"परत चालू करून बघितलात काय, काका?"

"नाय."

"बरं केलंत."

तिने खालचे स्क्रू काढले, झाकण अलगद उचललं. आतली काळी चपटी बॅटरी उशीसारखी टम्म झाली होती. नेत्राने च्च केलं.

"फुगलीय. अजून थोडे दिवस वापरली असतीत तर काय झालं असतं सांगता येत नाय."

रावजींना एकदम हायसं वाटलं. "म्हणजे मालच खराब. मी बोलतच व्हतो पोरीला."

"माल चांगला आहे, काका. कायम चार्जिंगला लावून ठेवता काय?"

"कायम," रावजी छाती काढून म्हणाले. "आज लाईट नव्हती म्हणून, नायतर एक दिवस उतरू दिली नाय."

"आणि वरून काय झाकता-बिकता?"

"गोधडी घालतो."

नेत्रा हसली नाही. हसली असती तर रावजी भांडले असते आणि मोकळे झाले असते. ती स्टुलावर नीट बसली आणि तिने स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला, तेव्हाच रावजींना काहीतरी वेगळं ऐकावं लागणार हे कळलं.

"मी एस.टी.त बॅटरी सेक्शनला व्हतो," ते घाईने म्हणाले. "चौतीस वर्षं. मला शिकवू नको हां."

"तरीच," नेत्रा म्हणाली. "काका, तुमची ती शिशाची बॅटरी. तिला भरून ठेवावंच लागतं, तुमचं बरोबर आहे. ही लिथियमची. हिचं सगळं उलटं. शंभरवर डांबून ठेवली की ही आतल्या आत बिघडते, आणि ऊब मिळाली की आणखी लवकर. हिला ऐंशीपर्यंत भरायची, वीस-तीसपर्यंत उतरू द्यायची, परत भरायची. मोकळ्या हवेत ठेवायची. तुम्ही फार जपलीत, म्हणून गेली."

"चाळीसवर बंद कशी पडली मग?"

"आकडा राहतो, काका. जीव राहत नाय."

नेत्राने कपाटातून त्याच मापाची बॅटरी काढली, बसवली, लॅपटॉप सुरू केला आणि आत कुठे कुठे जाऊन काहीतरी बदललं. "आता प्लग लावून ठेवलात तरी ऐंशीला आपोआप थांबेल," ती म्हणाली.

"मग मी काय बघायचं?"

"काय नाय. मशीन बघतं."

रावजींनी फुगलेल्या बॅटरीकडे बोट दाखवलं. "ती देशील मला?"

"ती घरात ठेवायची वस्तू नाय, काका." तिने ती चिमटीत धरून वाळूच्या डब्यात ठेवली आणि वर झाकण लावलं. रावजी तेवढा वेळ बघत राहिले.

येताना त्यांनी रिक्षा केली नाही. पिशवी छातीशी धरून ते ऊन अंगावर घेत चालले होते. एकदा रस्ता ओलांडला, पुन्हा अलीकडे आले, दोन्ही वेळा उगाच. नेत्रावर राग आला, लिथियमवर आला, ज्याने कुणी ही उलटी बॅटरी काढली त्याच्यावर आला. चौतीस वर्षांत शिकलेलं सगळं एका बाईने दहा मिनिटांत पालथं करून दाखवलं होतं, आणि वाईट हे की ती बरोबर होती. मुलीला घरात ठेवायचं म्हणून जे जे केलं, त्यानेच तिचे कॉल तुटत होते. आपल्याच हाताने आपण तिला पुण्याच्या वाटेला लावलं, असं त्यांच्या मनाने घेतलं.

बॅटरी मुळातच खराब निघाली, एवढं सांगितलं तरी चालण्यासारखं होतं. कोण जाणार होतं नेत्राला विचारायला? रावजींनी ते वाक्य तोंडात घोळवूनही बघितलं. पण डेपोत एकदा त्यांच्या हातून उलटी तार जोडली जाऊन नवी कोरी बॅटरी जळली होती, आणि फोरमन एका ड्रायव्हरवर घसरला होता. तेव्हा पुढे होऊन चूक माझी आहे म्हणून सांगितल्यावर रात्री झोप लागली होती. घराचं फाटक येईपर्यंत त्यांचं ठरत नव्हतं. फाटकाची कडी काढली तेव्हा ठरलं.

ज्ञानेश्वरी पुढच्या पायरीवर बसली होती. अजून लाईट आलेली नव्हती.

"कुठे गेला होतात उन्हाचे? जेवलातही नाही."

"मीटिंग?"

"झाली. मोबाईलवरून झाली सगळी."

रावजी पायरीखालीच उभे राहिले. "बॅटरी मी मारली," ते म्हणाले. "तुझी काय चूक नाय, मालाची पण नाय. ती भरून ठेवायची नसते म्हणे. मी ठेवली. वर गोधडी घातली. आता नवीन बसवलीय, ती धड चालेल. तुझ्या चीफना सांग, बापाचं डोकं फिरलं व्हतं. आता कॉल तुटायचे नाय. तुला पुण्याला बोलवायचं त्यांना काय कारणच नाय उरलं."

एवढं सगळं एका दमात बोलून ते धापा टाकत होते. ज्ञानेश्वरीने त्यांच्या हातातली पिशवी घेतली आणि बाजूला ठेवली.

"बाबा, बसा."

या वेळी ते बसले.

"मला कुणी बोलवत नाहीये," ती म्हणाली. "मीच मागून घेतलंय. गणपतीच्या आधी. चीफ उलट म्हणत होते, घरून जमतंय तर घरूनच कर. तुम्हाला सांगायची हिंमत होईना, म्हणून मी बॅटरीवर ढकललं. वाटलं, कंपनीनेच नेली म्हटल्यावर तुम्हाला कमी लागेल. आणि तुम्ही त्या बॅटरीच्याच मागे लागलात. रोज बघत होते मी. रोज ठरवायचे, आज सांगते."

"का गो बाय?" रावजींचा आवाज बारीक झाला होता. "माझं काय चुकलं?"

"काही नाही चुकलं. आई होती तोवर मला इथे काम होतं. आता मी उठते, त्या खोलीत जाते, संध्याकाळी त्याच खोलीतून बाहेर येते. तुम्ही ताट वाढता, प्लग लावता, दारात उभे राहता. मी एकोणतीस वर्षांची आहे, बाबा. मला गुदमरायला होतं." बोलता बोलता ती रडायला लागली.

रावजींना रागही आला होता. महिनाभर पोरीने आपल्याला नसत्या चाकरीला जुंपलं, याचा. आणि रागापेक्षा जास्त वाईट वाटत होतं. तिच्या डोक्यावर हात ठेवावा असं वाटलं, पण हात गुडघ्यावरून उचलेना.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"एक तारखेपासून. आज तेच ठरलं."

"ऱ्हाशील कुठे?"

"मनस्वीबरोबर. कॉलेजातली. तिच्याकडे जागा आहे."

"जेवणाचं?"

"करीन मी."

"करशील," रावजी म्हणाले. लांब कुठेतरी फांद्या तोडणाऱ्या माणसांचे आवाज येत होते.

रावजींनी खिशातून मोबाईल काढला, डोळ्यांपासून लांब धरून नंबर शोधला. डेपोतला त्यांचा सोबती भागोजी त्यांच्याहून लहान, अजून नोकरीत होता आणि हल्ली एस.टी.च्या आरक्षणाच्या खिडकीवर बसायचा.

"भागोजी, तीस तारखेला पुण्याच्या सकाळच्या गाडीला एक सीट पायजे. पुढची. खिडकीजवळची बघ." ते थांबले. "पोर जातेय."

"बघतो की," पलीकडून भागोजीचा मोठा आवाज ज्ञानेश्वरीलाही ऐकू येत होता. "परतीचं पण आत्ताच करून टाकू काय? दिवाळीला मग जागा नाय मिळायची."

रावजींनी मुलीकडे पाहिलं. ती ओढणीने तोंड पुसायची थांबून त्यांच्याकडेच बघत होती.

"नको," ते म्हणाले. "परतीचं तिचं ती काढील."